खाडाखोडीखाली सही कुणाची?

२२ जानेवारी २०२५ रोजी 'छावा' या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर लोकांपुढे आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसतात, अशी काही क्षणांची झलक होती. तेवढी पुरेशी झाली. राजाला नाचवला, म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला. चित्रपट आधी इतिहासतज्ज्ञांना दाखवावा, असं संभाजीराजे छत्रपतींनी सुचवलं. आमच्या रत्नागिरीचे आमदार आणि राज्याचे मंत्री उदय सामंत यांनी, आक्षेपार्ह असेल ते काढा आणि जाणकारांना दाखवल्याशिवाय चित्रपट प्रदर्शित करू नका, अशी भूमिका घेतली. २७ जानेवारीला दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटले आणि लेझीमचं दृश्य काढून टाकत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला, त्यानं पाचशे कोटींच्या वर गल्ला जमवला आणि लेझीमचं प्रकरण लोक विसरूनही गेले.

ट्रेलर ते कात्री, मध्ये पाच दिवस. आमच्या बँकेत साध्या म्हैस-कर्जाच्या अर्जावर निर्णय व्हायला याहून जास्त दिवस लागत.

आम्ही खेडची माणसं या विषयाकडे परक्यासारखं पाहू शकत नाही. इथून महामार्गानं दक्षिणेला निघालं की दोनेक तासांत संगमेश्वर येतं. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज तिथंच मोगलांच्या हाती सापडले. त्याच तालुक्यात शृंगारपूर, शिर्क्यांचं गाव, येसूबाईंचं माहेर. आमच्याकडे हा इतिहास पुस्तकातून येण्याआधी आजीच्या तोंडून येतो आणि तो सांगताना तिचा आवाज बदलतो. त्यामुळे लेझीमचं दृश्य निघालं तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं, यात नवल नाही. त्या दिवसांत बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं मला हटकलं.

"काय साहेब, काढलं ते बरंच झालं ना?"

"कुणी काढलं?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? डायरेक्टरनं."

"त्याला काढायचं होतं, तर त्यानं घातलं कशाला?"

तो हसला. "मग पब्लिकनं काढलं म्हणा."

"पब्लिकनं तर सिनेमा पाहिलेलाच नाही अजून."

यावर त्यानं गिऱ्हाईकाकडे मोर्चा वळवला. पण माझा प्रश्न तिथंच राहिला. दृश्य नेमकं काढलं कुणी? मंत्र्यांनी फक्त मत दिलं. राजकीय नेत्यांनी फक्त भेट दिली. इतिहासकारांनी फक्त सल्ला दिला. लोकांनी फक्त नाराजी कळवली. निर्मात्यानं फक्त भावनांचा आदर केला. दिग्दर्शकानं फक्त जाहीर केलं. एवढे सगळे होते, पण कात्री हातात धरलेला माणूस त्यांत कुणीच नाही. कात्री जणू आपोआप चालली.

मी ज्या काळात बँकेत लागलो, तेव्हा खातेवह्या हातानं लिहिल्या जात. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक नियम शिकवला आणि तो पुढची सगळी नोकरी पुरला. आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, रबरानं पुसायचा नाही, ब्लेडनं खरवडायचा तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली सही. तपासनीस यायचे तेव्हा अशा दुरुस्त्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, कारण दुरुस्ती हा गुन्हा नव्हताच. ते वहीचं पान उचलून उजेडासमोर धरायचे. जिथं कागद पातळ झालेला दिसेल, तिथं त्यांचं बोट थांबायचं. तिथं कुणीतरी खरवडलेलं आहे.

चित्रपटांच्या बाबतीत मला हेच म्हणायचं आहे. चित्रपट शेवटच्या घटकेला बदलतात, याची तक्रार नाही. बदल होणारच. कोट्यवधींचा पैसा, शेकडो माणसं आणि लाखोंच्या भावना जिथं गुंतलेल्या असतात, तिथं एकट्या कलावंताचा शब्द अखेरचा राहील, ही अपेक्षा भाबडी आहे. तक्रार एवढीच, की पान खरवडलेलं आहे आणि शेजारी सही नाही.

चित्रपटाच्या पानावर खाडाखोड करणारे हात तीन. एक सरकारचा, दुसरा पैशाचा आणि तिसरा जमावाचा. तिघांची तऱ्हा वेगळी.

सरकारचा हात आपण सर्वांत आधी ओळखायला शिकलो. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी शिवाजी महाराजांवर मूकपट केला. शिवाजीची भूमिका त्यांनी स्वतःच केली होती. नाव ठेवलं होतं 'स्वराज्याचं तोरण'. १९३० साल, देशात मिठाचा सत्याग्रह पेटलेला. इंग्रजी अमलातल्या परीक्षकांना 'स्वराज्य' हा शब्द सोसणं शक्य नव्हतं. गडावर झेंडा चढवण्याचं दृश्यही त्यांना खटकलं. शेवटी चित्रपट 'उदयकाल' या नावानं लागला. पाच वर्षांनी तीच गत. संत एकनाथांवरच्या, बालगंधर्वांची भूमिका असलेल्या बोलपटाचं नाव 'महात्मा' होतं. त्या काळी महात्मा म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवे, म्हणून परीक्षकांनी ते नाव अडवलं आणि १९३५ साली चित्रपट 'धर्मात्मा' म्हणून आला.

आज नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी या दोन्ही गोष्टी मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकतो. मूळ नाव काय होतं, कुणाला खटकलं, का खटकलं. कारण सरकारी हाताला कागद लागतो. परीक्षकांचा आम्ही कितीही राग केला, तरी ते लिहून देत. स्वातंत्र्यानंतरही ती रीत राहिली. जुन्या चित्रपटांच्या सुरुवातीला पडद्यावर प्रमाणपत्र झळकायचं, ते पाहिलेले वाचक आठवून पाहतील. काटछाट झालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण असायचा आणि काय कापलं याची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात. टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या पोरांनाही त्या त्रिकोणाचा अर्थ कळत असे. 'कापलाय रे!' असा पुकारा व्हायचा. मला त्या त्रिकोणाबद्दल आता आदर वाटू लागला आहे. तो कात्रीची सही होता.

आणि जिथं सही असते, तिथं दाद मागता येते. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वरून वादळ उठलं, तेव्हा कमलाकर सारंग यांना निदान आपला प्रतिपक्ष कोण, हे माहीत होतं. समोर परीक्षण मंडळ होतं, त्याचा आदेश होता. ते उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. तोंडी निरोपाविरुद्ध, कुणाच्या घरच्या बैठकीविरुद्ध, कोणत्या न्यायालयात जाणार? चित्रपटांसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण होतं, तेही २०२१ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. म्हणजे आता लेखी आदेशाविरुद्ध जायचं तरी थेट उच्च न्यायालयाची पायरी. बिनलेखी आदेशाला तर पायरीच नाही.

दुसरा हात पैशाचा. याची सर्वांत बोलकी गोष्ट अमेरिकेत घडली. तिथं अचाट शक्तीच्या वीरांचे चित्रपट म्हणजे आपल्याकडच्या पौराणिक चित्रपटांसारखे. देव त्यांचे, गल्ला स्टुडिओचा. वॉर्नर ब्रदर्सचा 'जस्टिस लीग' अर्ध्यावर आला असताना, मे २०१७ मध्ये, मुलीच्या मृत्यूमुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाला. काम जॉस व्हेडन याच्याकडे गेलं. त्यानं पुष्कळ भाग नव्यानं लिहिला, नव्यानं चित्रित केला. चित्रपट दोन तासांत बसवायचा, हा मालकांचा हुकूम. सुपरमॅन झालेल्या नटानं तोवर दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटासाठी मिशी राखली होती आणि ती कंपनी ती उतरवू देईना. शेवटी संगणकावर मिशी पुसली. साऱ्या जगाला वाचवणारा वीर पडद्यावर अवघडलेल्या वरच्या ओठानं हसताना दिसला. ब्लेडनं खरवडलेला कागद असाच दिसतो.

पण मला त्या मिशीपेक्षा वेगळीच गोष्ट बोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये चित्रपट लागला, तेव्हा श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव होतं एकट्या झॅक स्नायडरचं. त्यानं हा चित्रपट पाहिलेलासुद्धा नाही, असं तो सांगतो. एकाचा मजकूर आणि दुसऱ्याची सही. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात, ते सांगायला नको. पुढे चाहत्यांनी इतका धोशा लावला की कंपनीनं आणखी पैसा ओतून मार्च २०२१ मध्ये स्नायडरच्या मनासारखा चार तासांचा चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी खुला केला. तिथल्या गर्दीनं 'कापलेलं दाखवा' म्हणून गलका केला. आपल्याकडची गर्दी 'दाखवताय ते कापा' म्हणते. गर्दी तिथंही शहाणी होती असं नाही, पण मागणीतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

हॉलीवूडला या प्रश्नाची जाण जुनी आहे. तिथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं एक सोय केली होती. आपला चित्रपट दुसऱ्यांनी ओळखू न येईल इतका बदलला, हे ज्या दिग्दर्शकाला संघटनेपुढे सिद्ध करता येई, त्याला आपलं नाव मागे घेता येई. त्या जागी 'ॲलन स्मिथी' हे नाव पडे. असा माणूस जगात नव्हताच. १९६९ ते २००० पर्यंत हे भूत चित्रपट 'दिग्दर्शित' करत होतं. जाणकार प्रेक्षक ते नाव वाचायचा आणि समजायचा, की इथं मारामारी झालेली आहे. आपल्याकडचा तो त्रिकोण आणि त्यांच्याकडचा हा स्मिथी, दोघे एकाच कुळातले.

आपल्या कायद्यात दिग्दर्शकाला एवढाही आडोसा नाही. प्रताधिकार कायदा, १९५७, चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. त्याच कायद्याचं कलम ५७ लेखकाला, हक्क विकल्यावरही, आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देतं. 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटावरून मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं लेखकाच्या या हक्काची दखल घेतली. कादंबरीकाराच्या गाठीला एवढं तरी आहे. ज्यानं तो चित्रपट उभा केला, त्या दिग्दर्शकाच्या गाठीला काय?

आता तिसरा हात, जमावाचा. हा हात सरकारसारखा लिहून देत नाही आणि पैशासारखा करारही करत नाही. तरी तो सर्वांत जोरकस का, हे कर्जखात्यात काम केलेल्या माणसाला चटकन कळतं. मोठा चित्रपट म्हणजे व्याजावर धावणारी गाडी. पैसा उचललेला असतो. प्रदर्शनाची तारीख ठरलेली, पडदे राखून ठेवलेले, वितरकांशी, वाहिन्यांशी, घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांशी करार झालेले, जाहिरातीचा पैसा उधळून झालेला. तारीख महिनाभर पुढे गेली तर व्याज वाढतं, पडदे दुसऱ्याला जातात, जाहिरात शिळी होते. म्हणजे धमकीची किंमत वर्षभर शून्य असते आणि शेवटच्या तीन आठवड्यांत आभाळाला भिडते. वर्षभर चित्रीकरण चालू असताना कुणाच्या भावना दुखावत नाहीत आणि ट्रेलर आला की दुखावतात, याचं कारण हे आहे. आक्षेप घेणारा प्रत्येक जण हा हिशेब मांडून बसलेला असतो, असं मी म्हणत नाही. पुष्कळांच्या भावना खऱ्याच असतात. पण हिशेब मांडणारे असतात आणि तो फार सोपा आहे.

भन्साळींचा 'पद्मावती' १ डिसेंबर २०१७ ला लागायचा होता. तो 'पद्मावत' होऊन २५ जानेवारी २०१८ ला लागला. मधल्या काळात नाव बदललं आणि घूमर नृत्यातल्या राणीची उघडी कंबर संगणकानं झाकली गेली. आपला ओम राऊत 'लोकमान्य', 'तान्हाजी' करून 'आदिपुरुष'कडे वळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये झलक आली, तीवर टीका झाली, जानेवारी २०२३ ची तारीख १६ जूनवर गेली, दृश्यांवर पुन्हा काम झालं. एवढं करून लागल्यावर हनुमानाच्या तोंडच्या टपोरी संवादांवरून लोक खवळले. संवादलेखकानं आधी ते संवाद विचारपूर्वकच लिहिल्याचं सांगितलं. मग आठवड्याभरात संवाद बदलले. त्यानंतर त्यानं माफी मागितली. ते संवाद मलाही रुचले नव्हते. पण त्या बदलाची एक गंमत बघा. शुक्रवारी चित्रपट पाहिलेला माणूस आणि पुढच्या आठवड्यात पाहिलेला माणूस, दोघांनी एकाच नावाचं तिकीट काढलं आणि दोन वेगळे चित्रपट पाहिले. रिळांच्या काळात कापलेला तुकडा कुठंतरी शिल्लक राहायचा. आता एका रात्रीत देशभरच्या पडद्यांवरची फाइल बदलते. कागद पातळ होण्याचाही प्रश्न नाही, कारण कागदच नाही.

आणि शरण गेल्यानं शांतता मिळते, हेही खरं नाही. 'छावा'तलं लेझीम निघालं. चित्रपट लागल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर हरकत घेतली आणि शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीचा इशारा दिला. दिग्दर्शकानं पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. आपण फक्त नावं वापरली आहेत, आडनाव किंवा गाव घेतलेलं नाही, असं सांगितलं. या वाक्यापाशी मी बराच वेळ अडखळलो. इतिहासातली माणसं पडद्यावर आणायची, पण आडनाव आणि गाव मागे ठेवून! शृंगारपूरचं नाव न घेता संगमेश्वरची शोकांतिका सांगायची! वंशजांचं दुःख मी समजू शकतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आरोपाचं ओझं आजच्या पोरांनी का वाहावं? पण त्याचं उत्तर पुराव्यानं द्यायचं असतं, नाव गाळून नव्हे. १९९० साली दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ झाली, तेव्हा त्यामागची कळकळ खरी होती. पण नंतर कित्येक वर्षं वसुलीला गेलं की अंगणातूनच प्रश्न यायचा, 'पुढची माफी कधी?' एकदा दरवाजा कुठल्या धक्क्यानं उघडतो हे कळलं, की पुढचा माणूस कडी वाजवत बसत नाही.

यावर कुणी विचारील, मग काय कलावंतानं कुणाचंच ऐकू नये? तसं मी म्हणणार नाही. माझ्या एका कादंबरीचा शेवट प्रकाशकांना पटला नव्हता. त्यांनी बोलावून घेतलं. दोन दिवस आमची जुंपली. त्यांनी मुद्दे मांडले, मी खोडले, काही मला खोडता आले नाहीत. शेवटी अर्धा शेवट मी बदलला आणि अर्धा बदलला नाही. आज ते पुस्तक कुणी नावाजलं किंवा झोडपलं, तर दोन्हींचा धनी मी. असल्या बदलाला संपादन म्हणतात. समोर बसून, कारण सांगून, हस्तलिखित पूर्ण वाचून केलेला बदल. ट्रेलरमधली दोन क्षणांची झलक पाहून मागितलेला आणि तारखेच्या भयानं दिलेला बदल त्या जातीचा नाही.

आमच्या तालुक्यातल्या खेड्यांत शिमग्याच्या आगेमागे नमन-खेळे होतात. गवळण होते, संकासुर येतो, मग वगनाट्य. त्यातल्या एखाद्या प्रसंगावर, एखाद्या टोमण्यावर गावात नाराजी होते, हे काही नवं नाही. पण ती नाराजी सहाणेवर, पालखीच्या साक्षीनं, गावकर-मानकऱ्यांपुढे बोलून दाखवावी लागते. 'मला हे खपत नाही' म्हणणारा उभा राहतो, खेळ्यांचा म्होरक्या उत्तर देतो, चार म्हातारे डोकं लावतात. कधी प्रसंग गळतो, कधी राहतो. पण पुढच्या वर्षी कुणीही सांगू शकतं, की अमक्याच्या सांगण्यावरून अमकं गाळलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी पाळलेली ही शिस्त शेकडो कोटींच्या धंद्याला का झेपू नये?

आणि हे सगळं केवळ रिवाजासाठी नाही. ज्यांच्या सन्मानाखातर दृश्य कापलं, त्या संभाजी महाराजांचीच कहाणी पाहा. त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसानं बखर लिहिली. त्या बखरीनं त्यांची जी प्रतिमा रंगवली, ती पुढे नाटकांतून, कादंबऱ्यांतून दीडशे वर्षं चालली. ती पुसली कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. कमल गोखले यांनी ते काम पुढे नेलं. १९७९ साली शिवाजी सावंतांचा 'छावा' आला, तो या बदललेल्या हवेत. बेंद्र्यांना हे शक्य झालं, कारण चिटणिसाची बखर निनावी नव्हती. लिहिणारा कोण, त्यानं कधी लिहिलं, त्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजीला, संभाजी महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता, हे सगळं तपासता येत होतं. मजकुराखाली सही होती, म्हणून मजकूर खोटा ठरवता आला. सही नसती, तर ती बखर 'लोक असं म्हणतात' एवढ्या बळावर अजूनही टिकून राहिली असती. बदनामी असो की गौरव, बिनसहीचा मजकूर तपासता येत नाही. आज आपण आपल्या लाडक्या राजाचा मजकूर बिनसहीचा करून ठेवत आहोत. पन्नास वर्षांनी एखादा नवा बेंद्रे हा चित्रपट साधन म्हणून पाहील. २०२५ सालच्या महाराष्ट्राला आपला राजा कसा दिसत होता, हे शोधील. त्याला काय दिसेल? दिग्दर्शकाला दिसलेला राजा, की पाच दिवसांत ठरलेला राजा?

पुढचा काळ तर याहून कठीण आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी 'रांझणा' या २०१३ सालच्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा लागली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तिचा दुःखान्त सुखान्त करण्यात आला होता. हक्क कंपनीकडे होते. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर नापसंती दाखवली. उपयोग काय? बारा वर्षांपूर्वी मेलेला नायक मालकाच्या इच्छेनं उठून बसला. उद्या मास्टर विनायकांच्या, राजा परांजप्यांच्या चित्रपटांचे शेवट कुणाला गोड करून हवे असतील. आज जी शिस्त लावू, ती त्या दिवशी उपयोगी पडेल.

मी मागतो आहे ते फार नाही. प्रदर्शनाच्या आधी किंवा नंतर, मंडळाच्या आदेशाबाहेर, चित्रपटात काही बदललं असेल, तर शेवटच्या नामावलीत चार ओळी द्याव्यात: काय बदललं, कधी, कुणाच्या हरकतीवरून. हरकत घेणाऱ्या संस्थेचं, पक्षाचं, नेत्याचं नाव त्यात असावं. मनापासून हरकत घेणाऱ्याला त्याची लाज वाटायचं कारण नाही. उलट अभिमानच वाटेल. दुसरं, बदलण्यापूर्वीची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात बंद पेटीत ठेवावी. वाटल्यास पंचवीस वर्षं उघडू नये. तिसरं काम सरकारचं. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य ओलीस ठेवता येणार नाही आणि संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच एस. रंगराजन खटल्यात सांगितलेलं आहे. नवा कायदा नको, आहे तो पाळला तरी पुरे.

निर्माते हे आपणहून करणार नाहीत, याची मला कल्पना आहे. सही करायला कुणालाच आवडत नाही. चाळीस-पन्नास हजारांच्या कर्जाला जामीन राहतानाही माणसाचा हात थरथरतो. पण तिकीट काढणारे आपण आहोत. कापलेल्या चित्रपटावर त्रिकोण दिसला की पूर्वी टॉकीजमधली पोरं ओरडायची. तेवढं कुतूहल आपण पुन्हा जागं केलं, काय काढलं आणि कुणी काढलं हे विचारायला लागलो, तर धंदा आपोआप हिशेब ठेवू लागेल.

लेझीमच्या त्या दृश्यात राजाचा अवमान होता, की गडावर परतलेल्या तरुण राजाचा आनंद होता, हे मला माहीत नाही. पाहिलं असतं तर कदाचित मीही नाक मुरडलं असतं आणि याच पानावर तसं लिहिलं असतं, खाली माझं नाव घालून. ते नाक मुरडण्याचा माझा हक्क कुणीतरी काढून घेतला. त्या कुणीतरीनं सही तेवढी करून जावी.